माशांच्या टाकीचा पाईप गळतोय? पीव्हीसीचा चिकटवलेला जोड असा दुरुस्त करा

सोल्यूशन लावून चिकटवलेला पीव्हीसीचा जोड एकदा गळायला लागला की बाहेरून कितीही बुजवला तरी बरा होत नाही. वरून पुन्हा सोल्यूशन फासा, सिलिकॉनचा थर द्या, दोन गोळे मळून करायची एपॉक्सी पुटी थापा किंवा टेप गुंडाळा. ठिबक चार दिवस थांबेल, नाहीतर दोन इंच सरकून दुसरीकडून सुरू होईल. तो जोड कापून टाकायचा आणि तिथे नवा बसवायचा, हाच उपाय. ऐकायला धाकधूक वाटते, पण हातात करवत कधी न धरलेल्या माणसालाही हे सुट्टीच्या दोन दिवसांत जमतं. त्यातला बराचसा वेळ तर नुसता जोड वाळण्याची वाट बघण्यातच जातो.

बाहेरून का बुजत नाही ते आधी बघू. पीव्हीसीचं सोल्यूशन डिंकासारखं दोन वस्तूंच्या मधे बसून त्यांना धरून ठेवत नाही. त्यातली द्रावणं पाईपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतात. पाईप सॉकेटमध्ये, म्हणजे फिटिंगच्या तोंडात, घट्ट दाबला गेला की दोन्हीकडचं मऊ झालेलं प्लास्टिक एकमेकांत मिसळतं, द्रावण उडून जातं आणि मागे एकसंध प्लास्टिक उरतं. थोडक्यात, तिथे वेल्डिंग होतं. त्यासाठी कोरडा पृष्ठभाग लागतो, घट्ट बसणारं माप लागतं आणि पाईप आत दाबलेला लागतो. गळक्या जोडाच्या कडेवर बाहेरून फासलेल्या सोल्यूशनला यातलं काहीच मिळत नाही. फटीत पाणी असतं, फट भरून काढण्याचा गुण सोल्यूशनमध्ये नसतो, आणि वरचा थर वाळताना आक्रसतो. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, पीव्हीसीला नाही. नखाने सोलून निघतं. पुटीचा उपयोग रात्री अकरा वाजता गळती सापडली तर सकाळपर्यंत वेळ काढण्यापुरता.

गळती नेमकी कुठून होते आहे?

करवत हातात घेण्याआधी खात्री करा, कारण थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल असं नाही. पाणी पाईपच्या पोटाला चिकटून हातभर लांब सरकतं आणि सगळ्यात खालच्या एल्बोवरून, म्हणजे वळणाच्या फिटिंगवरून, ठिबकतं. बिचारा एल्बो धडधाकट असतो आणि बळी त्याचाच जातो.

सगळी लाईन फडक्याने खडखडीत कोरडी करा. मग प्रत्येक जोडाच्या लगेच खाली टिश्यू पेपरची एकेक पट्टी पाईपभोवती बांगडीसारखी गुंडाळा. पंप चालू ठेवून अर्धा तास थांबा. ओल्या झालेल्या पट्ट्यांपैकी जी सगळ्यात वर आहे, तिच्या वरचा जोड गुन्हेगार. सगळ्याच पट्ट्या सारख्याच दमट झाल्या आणि पाईपवर बारीक दवासारखे थेंब दिसले, तर ती बहुधा गळती नाही. चिलर लावलेल्या थंड टाकीच्या पाईपवर दमट हवेत पाणी साचतं, ते हे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत काम आणखी सोपं असतं. जोडाच्या कडेला मिठाची पांढरी खरबरीत कड जमली असेल तर तिथून पाणी पाझरतंय, भले थेंब एकही पडत नसेल. गोड्या पाण्यात अशा जागी क्षारांचा पांढरट ओघळ दिसतो.

गळती लहान आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब या हिशोबाने दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी टाकीखालच्या कॅबिनेटच्या लाकडात मुरतं, आणि त्याच कॅबिनेटमध्ये तुमचा विजेचा बोर्ड असतो.

आधी न कापता सुटणाऱ्या गळत्या तपासा

चिकटवलेल्या जोडावर आळ येतो, पण शेजारचं फिटिंगच गळत असतं, असं फार वेळा होतं. ती दुरुस्ती दहा मिनिटांची असते.

युनियन, म्हणजे नटाने उघडता येणारा दोन भागांचा जोड, गळत असेल तर आतली रबरी ओ-रिंग बघा. नट उघडा, रिंग काढा, खाचेतली वाळू, मीठ, शेवाळ पुसा. रिंग चपटी झालेली किंवा चिरलेली असेल तर बदला. धड असेल तर खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकाने नुसतं फिरवा. पेट्रोलियम जेली लावू नका. पाण्याच्या फिटिंगमधलं ईपीडीएम रबर तिने फुगतं. युनियनच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारे पुष्कळ भेटतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण युनियनमध्ये पाणी अडवते ती रिंग, आटे नव्हेत. उलट टेपमुळे नट पूर्ण बसत नाही आणि रिंगवर दाब कमी पडतो.

टाकीच्या भोकातून पाईप बाहेर काढणारं बल्कहेड गळत असेल तर त्याचा रबरी वायसर कुठल्या बाजूला आहे ते पाहा. तो चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या बाजूला हवा. नटाच्या बाजूला असेल तर नट फिरवताना तो पिळवटतो. नट हाताने घट्ट करायचा आणि वर फार तर पाव फेरा. जोर लावला तर काच तडकते, आणि मग तुम्हाला या लेखाची नाही, नव्या टाकीची गरज लागेल. काही बल्कहेडचे आटे उलटे असतात, त्यामुळे नट हलत नसेल तर ताकद वाढवण्याआधी दिशा तपासा.

आट्यांचा जोड असेल तर तो सोडवून जुनी टेप साफ करा आणि नवी टेप तीन-चार वेढे गुंडाळा. पाईपचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळली की पिळताना ती उलगडत नाही. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एखादा फेरा पुरे. आतून आटे असलेलं प्लास्टिकचं फिटिंग जास्त आवळलं की त्याला उभी चीर जाते. ही चीर कधीकधी आठवड्यांनी दिसते, म्हणून तिचा संबंध कोणी आवळण्याशी जोडत नाही.

एवढं करूनही पाणी चिकटवलेल्या जोडातूनच येत असेल, किंवा फिटिंगलाच तडा असेल, तर मात्र कापायला घ्या.

माशांची सोय

हीटर आधी बंद करा आणि पाणी उतरवण्यापूर्वी वीसेक मिनिटं थांबा. तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की फुटते. मग पंपाचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागवू नका, हात ओले असणार आहेत.

पंप थांबताच वरच्या टाकीतलं थोडं पाणी पाईपमधून खाली सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या खालच्या टाकीत, उतरतं. ते मावतंय ना, हे उभं राहून बघा. रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी टाकीत परत सोडणाऱ्या पाईपचं, तोंड पाण्यात खोल बुडालेलं असेल तर सायफन लागून जास्त पाणी येतं. तसं दिसलं तर तोंड पाण्याच्या वर उचला.

पुढचे २४ तास फिल्टर बंद असणार. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू स्पंज आणि सिरॅमिकवर राहतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे डब्याच्या फिल्टरमध्ये, साचलेल्या पाण्यात ते काही तासांतच गुदमरायला लागतात. म्हणून फिल्टरचं सामान जाळीच्या पिशवीत भरून सरळ टाकीत लटकवा आणि तिथेच एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडा. हीटर सम्पमध्ये असेल तर तोही टाकीत आणा. खाणं त्या दिवशी देऊ नका. माशांना एका दिवसाच्या उपासाने काही होत नाही, पण फिल्टरशिवाय टाकीत अमोनिया वाढला तर होतं.

एअर पंपाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. त्याच खोलीत सोल्यूशनचा डबा उघडलात तर त्या वाफाही पाण्यात जातात. शक्य तेवढे जोड बाहेर, गॅलरीत किंवा अंगणात चिकटवा. जो एखादा जागेवरच करावा लागेल, तेव्हा खिडक्या उघडा आणि एअर पंप लांब नळी लावून दुसऱ्या खोलीत ठेवा. या वाफा पेट घेतात, तेव्हा जवळपास ज्योत, ठिणगी, सिगारेट नको. गळक्या जोडाला व्हॅक्युम क्लीनर लावून सोल्यूशन आत ओढून घ्यायची युक्ती सांगितली जाते. ज्वालाग्राही वाफ मोटरमधून ओढण्याचा हा प्रकार मी कोणाला सुचवणार नाही.

माप आणि सामान

नव्या माणसाचे पैसे इथेच वाया जातात. पीव्हीसी पाईप दोन वेगळ्या घराण्यांत येतो, मिलिमीटरचा आणि इंचाचा. मिलिमीटरच्या पाईपवर लिहिलेला आकडा हा बाहेरचा व्यास असतो. ३२ मिमीचा पाईप बाहेरून ३२ मिमीच भरतो. इंचाच्या पाईपचं तसं नाही. एक इंची पाईप बाहेरून ३३.४ मिमी असतो, पाऊण इंची २६.७ मिमी आणि अर्धा इंची २१.३ मिमी. म्हणजे २५ मिमीचा पाईप पाऊण इंची फिटिंगमध्ये 'जवळपास' बसतो, आणि त्या जवळपासमध्ये दीड-पावणेदोन मिलिमीटरची ढिलाई असते. सोल्यूशनने ती भरत नाही. गळका जोड कापल्यावर आत अशीच मिसळ सापडण्याची शक्यता बरीच असते. व्हर्नियर कॅलिपरने बाहेरचा व्यास मोजा, नाहीतर पाईपचा कापलेला तुकडाच सोबत घेऊन खरेदीला जा.

प्लास्टिक कुठलं आहे तेही बघा. पांढरा किंवा करडा यूपीव्हीसी, फिकट पिवळसर सीपीव्हीसी, आणि दोघांचं सोल्यूशन वेगळं. डब्यावर ज्या प्लास्टिकचं नाव आहे त्यालाच ते लावायचं. पंपाचं तोंड, कॅनिस्टरचे नळ अशा कित्येक वस्तू पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यांना कुठलंच सोल्यूशन धरत नाही, तिथे आटे किंवा नळी आणि क्लिप हेच जोड. पितळी किंवा तांब्याची फिटिंग टाकीच्या लाईनमध्ये घालू नका. पाण्यात उतरणारं तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मारतं.

सोल्यूशनचा डबा ताजा हवा. काडीने उचललं की मधासारखी धार पडली पाहिजे. जेलीसारखे गोळे दिसले तर डबा टाकून द्या, थिनर घालून पातळ करू नका. पाईप कापायला कटर किंवा बारीक दातांची हॅकसॉ, कडा मोडायला कानस किंवा पॉलिश पेपर, मार्कर, जुनी फडकी, आणि उत्पादकाने सांगितलं असेल तर प्रायमर. सम्प किंवा टाकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर खाली जाड पुठ्ठा अंथरा. सोल्यूशनचा एक थेंब अ‍ॅक्रिलिकवर कायमचा डाग पाडतो.

कुठे कापायचं

फिटिंगच्या अगदी कडेला कापू नका. नवं फिटिंग चढवायला दोन्ही बाजूंना निदान सॉकेटच्या खोलीइतका सरळ, स्वच्छ पाईप उरायला हवा, आणि पुढे आणखी एकदा कापायची वेळ आली तर तेवढाच जादा. गळका एल्बो थेट व्हॉल्व्हला चिकटलेला असेल आणि मधे पाईपच नसेल, तर व्हॉल्व्हही बदलावा लागेल. सॉकेटमध्ये अडकलेला पाईप आतून कोरून काढणारी रीमरसारखी हत्यारं मिळतात. महागडा व्हॉल्व्ह वाचवायचा असेल तर ती घ्यायला हरकत नाही. साध्या एल्बोसाठी तो खटाटोप नको.

आता खरी अडचण. पाईप मधूनच कापला की दोन्ही टोकं जागच्या जागी घट्ट असतात. साधा कपलर एका टोकावर चढतो, पण दुसरं टोक आत सरकवायला जागाच नसते. लोक मग अख्खी लाईन वाकवून, ओढून जोड बसवतात. तो ताण जोडावर कायम राहतो आणि काही महिन्यांनी दुसराच जोड गळायला लागतो. माझं मत सरळ आहे: जिथे कापाल तिथे युनियन घाला. युनियनचे दोन भाग वेगवेगळे चिकटवता येतात आणि मग समोरासमोर आणून नटाने आवळता येतात, पाईप आत-बाहेर सरकवावा लागत नाही. पुढच्या वेळी पंप धुवायला काढायचा तर हाताने नट सैल केला की झालं. जागा अगदीच कमी असेल तर मधे अडसर नसलेला दुरुस्तीचा कपलर मिळतो. तो पूर्ण एका पाईपवर सरकवून, टोकं समोरासमोर आणून, परत मधे ओढतात. पण सोल्यूशन लावल्यावर हे सगळं काही सेकंदांत करावं लागतं, म्हणून पहिल्याच कामाला तो निवडू नका.

जोड चिकटवताना

पाईप काटकोनात कापा. तिरपा काप असेल तर एका बाजूने सॉकेटच्या तळाला टेकतो आणि दुसऱ्या बाजूला पकड कमी मिळते. हात स्थिर नसेल तर पाईपभोवती कागदाची सरळ पट्टी गुंडाळून तिच्या कडेने रेघ मारा. कापल्यावर आतला-बाहेरचा भुसा काढा आणि बाहेरची धारदार कड कानशीने थोडी तिरपी करा. ही कड तशीच ठेवली तर पाईप आत जाताना सॉकेटमधलं सोल्यूशन खरवडून पुढे ढकलतो, आणि जोड बाहेरून छान दिसूनही आतून कोरडा राहतो. एकच गोष्ट काळजीपूर्वक करणार असाल तर ही करा.

आता कोरडं जोडून पाहा. सॉकेट आतून किंचित निमुळतं असतं, त्यामुळे पाईप साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन अडला पाहिजे. खडखडत तळाला गेला तर माप चुकलंय. इथे एक सापळा आहे. कोरड्या जोडणीवरून लांबी मोजून पाईप कापलात तर चिकटवताना प्रत्येक जोड सेंटीमीटरभर आणखी आत जातो आणि लाईन आखूड पडते. म्हणून सॉकेटची खोली वेगळी मोजा, तेवढ्या अंतरावर पाईपवर मार्करने खूण करा आणि लांबी त्या हिशोबाने धरा. एल्बो कुठल्या दिशेला तोंड करणार त्याचीही एक रेघ पाईप आणि फिटिंगवर मिळून ओढा.

वरून पाणी झिरपत असेल तर काम पुढे नेऊ नका. वरचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर दोरा बांधलेला फडक्याचा बोळा पाईपात सारून ठेवा आणि काम झाल्यावर दोऱ्याने ओढून काढा. दोरा विसरलात तर बोळा पंपात सापडतो.

युनियन असेल तर आधी नट पाईपवर ओवा, आटे योग्य बाजूला आहेत ना ते पाहा, ओ-रिंग काढून बाजूला ठेवा आणि मगच डबा उघडा. युनियनचा भाग चिकटवल्यावर टेबलावर पडलेला नट दिसला की काय वाटतं ते अनुभवण्याची गरज नाही.

दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा, प्रायमर वापरत असाल तर लावा. सोल्यूशन सॉकेटच्या आत पातळ आणि पाईपवर खुणेपर्यंत भरपूर, पूर्ण गोल, एकही जागा न सोडता. सॉकेटमध्ये जास्त झालं तर ते आत साचून भोक अरुंद करतं आणि बॉल व्हॉल्व्हमध्ये तर गोळाच चिकटवून टाकतं. व्हॉल्व्हचं सॉकेट म्हणूनच तोंड खाली धरून भरावं. लगेच पाईप आत दाबा. दिशेची रेघ पाव फेऱ्याने मागे ठेवून सुरुवात करा आणि आत ढकलताना फिरवत रेघा जुळवा. खुणेपर्यंत गेला की थांबा आणि निदान अर्धा मिनिट दाबून धरा. निमुळत्या सॉकेटमुळे पाईप हळूच मागे सरकतो, आणि बरेचसे गळके जोड या अर्ध्या मिनिटाच्या आळसातून जन्मतात. कडेला सोल्यूशनचं सलग वेटोळं उमटलं तर जोड भरला. कुठे तुटक दिसलं तर तिथे कमी पडलं होतं. तो जोड टाकून नवा करा. जादा सोल्यूशन फडक्याने पुसा, पंधरा मिनिटं हात लावू नका. एकदा बसलेला जोड दिशा सुधारायला फिरवायचा नाही, कधीच नाही.

वाळवणं आणि चाचणी

पाण्याचा दाब देण्याआधी २४ तास जाऊ द्या. थंडी, दमट हवा किंवा जाड पाईप असेल तर ४८. टाकीच्या लाईनमधला दाब तसा कमी असतो, दर मीटर उंचीला फक्त ०.१ बार. म्हणून दोन तासांत पंप चालू करूनही काही वेळा निभावतं. पण ओल्या सोल्यूशनमधली द्रावणं माशांना घातक असतात, त्यामुळे घाई जोडासाठी नाही तरी माशांसाठी टाळा. पूर्ण वाळलेल्या जोडाचा माशांना त्रास नाही.

वाळल्यावर नवा भाग आधी बादलीतल्या साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. जमत असेल तर पंप बादलीत ठेवून त्या भागातून पाणी फिरवा. मग जागेवर बसवा, ओ-रिंग घाला, नट हाताने आवळा. टिश्यूच्या पट्ट्या पुन्हा गुंडाळा. पहिला तास जवळच राहा. नंतर पंप दोन-तीनदा बंद-चालू करा, कारण वीज जाऊन येते तेव्हा लाईनला बसणारा झटका संथ प्रवाहात दिसत नाही. रात्री खाली कोरडा कागद अंथरून ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर फिल्टरचं सामान परत लावा, हीटर सुरू करा.

पाईपचा भार बल्कहेडवर लटकत असेल तर त्याच बैठकीत कॅबिनेटला क्लॅम्प मारून टाका. पंपापासूनचा पहिला वीतभर भाग कडक पाईपऐवजी सिलिकॉनच्या नळीचा केलात तर मोटरची थरथर जोडांपर्यंत पोहोचत नाही. उरलेल्या सोल्यूशनचं झाकण घट्ट लावा, डब्यावर तारीख लिहा आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा, उन्हापासून दूर ठेवा.